देसातोया, २०२३: एका टॅगच्या नोंदी

गेल्या चार वर्षांत शिकार शिकताना मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो इतरांनी लिहून ठेवलेल्या फजितीचा. म्हणून माझीही इथे मांडतो. डोंगररांगेचं नाव सांगतो, खोऱ्याचं सांगणार नाही.

२७ मे, शनिवार

टॅग लागला! अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात हरणाची शिकार सोडतीवर चालते; टॅग म्हणजे एक हरीण मारायची चिठ्ठी. अर्ज करायचा, मे अखेर निकाल बघायचा, नंबर लागला नाही तर एक बोनस पॉइंट खात्यात पडतो. सोडतीत त्या पॉइंटांचा वर्ग धरतात, म्हणजे माझ्या तीनचे नऊ. या वेळी नशीब उघडलं. शिंगवाला म्यूल डिअर, बंदुकीचा पहिला मोसम, ५ ते २० ऑक्टोबर. टॅगच्या हद्दीत देसातोया रांग येते. रीनोच्या पूर्वेला, हायवे ५० च्या दक्षिणेला, उत्तर-दक्षिण पसरलेली. सर्वोच्च माथा ९,९७३ फूट.

आतापर्यंतचा खर्च: राज्यातल्या रहिवाशाचा परवाना ३८ डॉलर, अर्जाचे १० आणि वरचे ३, टॅगचे ३०. हंटर एज्युकेशनचा कोर्स आधीच झालाय. १ जानेवारी १९६० नंतर जन्मलेल्याला त्याशिवाय परवाना मिळत नाही.

आईला फोनवर सांगितलं. आजोबा आजऱ्याकडे उसात शिरणारी डुकरं राखायला रात्र रात्र माळ्यावर बसायचे, ती तेच धरून बसली. "आता तिकडे सरकारच चिठ्ठ्या टाकून हरणं वाटतंय होय?" म्हणाली. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर हा विषयच मिटलेला, त्यामुळे तिला हे समजावणं अवघड. मी सोडून दिलं.

१७ आणि १८ जून

पहिली फेरी फुकट गेली.

फॅलनमध्ये टाकी भरली. पुढे ऑस्टिनपर्यंत, म्हणजे १७५-एक किलोमीटर, पेट्रोलचा भरवसा धरू नये. मिडलगेटच्या पुढे जुना हायवे ५० धरला, आता त्याला ७२२ म्हणतात. कॅरल समिटच्या अलीकडे कच्च्या रस्त्याला लागलो आणि सात किलोमीटरवर रस्ता संपला. संपला म्हणजे ओढ्याने नेला होता. यंदाचा हिवाळा जबर झाला, बर्फ अजून वितळतंय, आणि नकाशावर जी कोरडी घळ दिसते तिच्यात गुडघाभर गढूळ पाणी.

गाडी वळवताना मागचं डावं चाक एका दगडावर घासलं आणि टायरची बाजू फाटली. हा सगळा डोंगर ज्वालामुखीचा, दगड फोडलेल्या काचेसारखे. बाजू फाटली की पंक्चर-किट काही कामाचं नाही. स्टेपनी लावली आणि निघालो, कारण दुसरी स्टेपनी नव्हती. मूळ टायर शहरी, पातळ. सोमवारी दहा प्लायचे, म्हणजे जाडजूड, चार टायर घेतले, ९४० डॉलर. हे जूनमध्ये नाही, टॅग लागला त्याच दिवशी घ्यायला हवे होते.

दोन दिवसांत हरीण शून्य. डोंगर लांबून पाहिला.

८ आणि ९ जुलै

दुसरा रस्ता, पश्चिमेकडून. गाडी ७,१०० फुटांवर ठेवली, वर चालत गेलो. खाली सेजब्रशची झुडपं, मग पिन्यन-ज्युनिपरचा पट्टा, त्याच्यावर माउंटन महोगनीची दाट रानं, आणि माथ्याखालच्या वाटीसारख्या खोलगटात अ‍ॅस्पेन आणि हिरवंगार गवत. सह्याद्रीत फिरलेल्यांना सांगतो: चढ फार नाही, घसारा फार आहे. आणि वाट चुकली तर धनगरवाडा लागेल, कोणीतरी ताक देईल, असलं इथे काही नाही. पिण्याचं पाणी नऊ लिटर पाठीवर नेलं होतं, त्यातलं पाच परत आणलं. झरे वाहत होते, फिल्टर नेला असता तर पाच किलो ओझं वाचलं असतं.

रविवारी पहाटे पावणेसहाला वाटीच्या काठावर बसलो. ट्रायपॉडवर १० बाय ४२ ची दुर्बीण. वीस मिनिटांत चार नर! शिंगांवर मखमल (वाढत्या शिंगावरची मऊ कातडी), उन्हात तांबूस अंग, खेचरासारखे कान सतत फिरताहेत. एक चार बाय चार, म्हणजे दोन्ही शिंगांना चार-चार टोकं, शिंगं कानांच्या बरीच बाहेर. दोन तास त्यांना चरताना बघत बसलो. साडेआठला सगळे अ‍ॅस्पेनच्या सावलीत बसले.

त्या मोठ्यावर माझा जीव जडला. पुढच्या तीन महिन्यांतल्या सगळ्या चुका इथून सुरू होतात, म्हणून ही तारीख ठळक करून ठेवतो.

उतरताना एका झऱ्यावर ट्रेल कॅमेरा बांधला, समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा. नर संध्याकाळी पाण्याला येणार, कॅमेरा त्यांचं वेळापत्रक सांगणार, असा हिशोब.

२९ जुलै, शनिवार

कॅमेरा काढायला जावं लागलं. नेवाडात सार्वजनिक जमिनीवर १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर ट्रेल कॅमेरा ठेवता येत नाही. फोटो थेट पाठवणारा असेल तर १ जुलैपासूनच बंदी. म्हणजे तीन आठवड्यांसाठी कॅमेरा बांधला आणि काढायला वेगळी फेरी: ४८० किलोमीटर, ७० डॉलरचं पेट्रोल, आणि शनिवार.

फोटो २,१४०. त्यातले सतराशेच्या वर सेजब्रशच्या एका फांदीचे. वारा आला की फांदी हलायची, कॅमेरा खटाखट फोटो काढायचा. बांधण्याआधी समोरची झुडपं वाकवून बघायची, एवढी साधी गोष्ट. उरलेल्यांत रानटी घोडे. सहा घोड्यांचा एक कळप रोज येऊन झरा तुडवून जातो. दोन माद्या, एक पाडस, एक कोयोट. नर एकही नाही.

घरी येऊन शेजारच्या बाबांना दाखवले. बाबा खाणीतून निवृत्त झालेले, सत्तरी पार, चाळीस वर्षं या राज्यात शिकार केलेले. त्यांनी दहा फोटो बघितले आणि विचारलं, "तू वर जाताना किती ठिकाणी पाणी ओलांडलंस?" मी मोजलं, सात. "मग हरणाने घोड्यांच्या लाथा खायला याच झऱ्यावर का यावं?"

कोरड्या वर्षी पाणी धरून बसणं चालतं. यंदा प्रत्येक घळीत पाणी आहे, आणि हिरव्या पाल्यातूनही त्यांना बरंच मिळतं. मी मागच्या दुष्काळी वर्षांतल्या लोकांचे अनुभव वाचून ओल्या वर्षाचं नियोजन केलं होतं.

२६ ऑगस्ट

गेल्या रविवार-सोमवारी हिलरी वादळाचा पाऊस झाला, रस्ता पुन्हा खचलेला. नवे टायर टिकले. वाटीत दोन नर दिसले, त्यातला मोठा तोच. मखमल अजून होती. मला वाटलं, बस, पक्कं झालं. वहीत लिहिलंय: "५ ऑक्टोबरला पहाटे काठावर." खाली दोन रेघा.

बाबा म्हणाले, मखमल गळली की ते हरीण वेगळं असतं, सप्टेंबरात एकदा जाऊन ये. मी हो म्हटलं.

१६ सप्टेंबर

गेलो नाही. ऑफिसचं रिलीज होतं, आणि त्याऐवजी नेमबाजीचा सराव केला म्हणून मनाचं समाधान. रायफल .३०८, जुनी घेतलेली, ५२० डॉलर. तिच्यावरची दुर्बीण २०० यार्डांवर शून्य केली, म्हणजे तेवढ्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवली. बाकावर बसून, वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या दीड इंचात. स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

एकही गोळी जमिनीवर बसून मारली नाही. हे पुढे अंगाशी आलं.

५ ऑक्टोबर, गुरुवार. मोसमाचा पहिला दिवस

पहाटे साडेतीनला निघालो, सहाला काठावर. पूर्वेला उजाडलं तेव्हा समोरच्या धारेवर हेडलॅम्पचे दोन ठिपके. खाली रस्त्याच्या टोकाला तीन गाड्या. माझी गुप्त वाटी किमान पाच जणांना ठाऊक होती.

नऊपर्यंत बसलो. वाटीत एक मादी. अ‍ॅस्पेन पिवळे झालेले, गवत वाळून पिवळट. खाली उतरून बघितलं तर लेंड्या जुन्या, वाळलेल्या, दाबल्या की भुगा होणाऱ्या. महिनाभर इथे नर फिरकला नव्हता.

शिंगांची मखमल ऑगस्टच्या शेवटापासून गळते. त्यानंतर हे नर उघड्यावर राहत नाहीत, दाट रानात शिरतात, दिवसाचे फार थोडे तास हलतात. शिंग कोवळं असताना फांद्या लागू नयेत म्हणून ते मोकळ्यात असतात, असं बाबांचं म्हणणं. कारण काहीही असो, जुलैतला पत्ता ऑक्टोबरात चालत नाही. मी तीन महिने एका हरणाचा पत्ता पाठ केला, आणि ते घर सोडून गेलं होतं.

दुपारभर नकाशा घेऊन बसलो. उरलेला दिवस गेला.

६ ऑक्टोबर

वाटी सोडली. दोन धारा दक्षिणेला, उत्तरेकडे उतरणाऱ्या सोंडेवर महोगनीचं रान, ८,२०० फूट. समोरच्या उतारावरून साडेसातला तीन नर दिसले, दोन लहान, एक तीन बाय तीन. आठ वाजून दहा मिनिटांनी ते झाडांच्या कडेला बसले. वारा चढाचा, माझ्या तोंडावर. हवं तसं. पाऊण तास वळसा घालून, शेवटचे शंभर यार्ड ढुंगणावर घसरत, २६० यार्डांवर आलो.

आणि आभाळ फुटल्यासारखा धडाका झाला. फॅलनला नौदलाचा विमानतळ आहे. त्यांची विमानं या भागावर आवाजाच्या वेगापलीकडे जातात. हे मला माहीत होतं. तरी मी असा दचकलो की पाय सरकला आणि भाकरीएवढा दगड घसाऱ्यावरून गडगडत गेला.

हरणांनी धडाक्याकडे कानसुद्धा वळवला नव्हता, रोजचंच आहे त्यांचं. दगड गडगडला तसे तिन्ही उभे. मग चारही पायांवर एकदम उड्या मारत, स्प्रिंग लावल्यासारखे, धारेपलीकडे.

इथून पुढे: रांगण्याआधी पाय ठेवायच्या जागचे सुटे दगड हाताने बाजूला करायचे. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

७ ऑक्टोबर

हे लिहायला नको वाटतंय.

संध्याकाळी पावणेसहाला तोच तीन बाय तीन, किंवा त्याच्यासारखा, खालच्या बाजूला. अंतर मापकावर ३४० यार्ड. उतार तीव्र. अर्ध्या तासात अंधार पडणार, उद्या संध्याकाळी घरी जायचं, ही दोन्ही गणितं डोक्यात. बसून, रायफल सॅकवर. सॅक मऊ, नळी लटपटत होती. श्वास लागलेला. तरी मारली.

हरीण उडालं, थांबलं, वळून बघितलं आणि चालत झाडांत गेलं. चालत गेलं म्हणजे लागली नसावी. पण "नसावी" वर सोडून देता येत नाही. अंधार पडेपर्यंत रक्त शोधलं, मग हेडलॅम्पने, मग ८ तारखेला सकाळी पुन्हा चार तास. जिथे उभा होता तिथून त्याचे खूर पाऊल-पाऊल १८० यार्ड काढले. रक्त नाही, केस नाहीत. गोळी त्याच्या पाठीमागच्या मातीत गेल्याची खूण सापडली, साधारण दोन फूट वरून. तीव्र उतारावर खाली मारताना तिरप्या अंतराएवढा उंच नेम धरायचा नसतो, आडव्या अंतराएवढाच धरायचा, हे मी वाचलेलं. वाचलेलं.

त्या रात्री तंबूत जेवलो नाही.

९ ते १२ ऑक्टोबर

सोमवारी आधी रायफल तपासली. बाकावरून पुन्हा दीड इंच. म्हणजे तिचा दोष नाही.

मग बाक सोडला. जमिनीवर बसून, पुढची बाजू ट्रायपॉडवर, पाठीमागे गुडघ्यावर सॅक आणि तिच्यावर कोपर. पहिल्या दिवशी २०० यार्डांवर दहातल्या चार गोळ्या पाटीच्या बाहेर. गुरुवारपर्यंत दहाच्या दहा सहा इंची वर्तुळात. २५० यार्डांवर सात. म्हणून स्वतःशी ठरवलं की २०० च्या पुढे मारायची नाही, नर कितीही मोठा असो. चार संध्याकाळी, ६० गोळ्या, ११० डॉलर. मे महिन्यात हे केलं असतं तर ७ तारीख टळली असती.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

सॅक्रामेंटोहून माझा मित्र आला. मूळचा वर्ध्याचा. त्याच्याकडे टॅग नाही, म्हणून तो रायफल घेऊ शकत नाही; पण दुर्बीण, स्वयंपाक आणि ओझं यांना टॅग लागत नाही. तंबू पाण्यापासून लांब ठोकला. पाणवठ्याच्या शंभर यार्डांत मुक्काम करून जनावरांची वाट अडवायची नाही, हा इथला कायदा आहे, आणि बरेच जण तो मोडतात.

सॅटेलाइट मेसेंजरवर बायकोचा निरोप: "आई विचारतायत, उद्या सर्वपित्री आणि ग्रहण, तू डोंगरात काय करतोयस?"

"काऊन बे," मित्र म्हणाला, "अमावस्येला मारशील का तू?" मी म्हटलं, बघू.

१४ ऑक्टोबर, शनिवार

६ तारखेच्या सोंडेसमोर, पलीकडच्या धारेवर सहा वाजता. रात्रीची थंडी दगडात मुरलेली. आज वेगळं एकच: मोकळी गवतं सोडून दिली आणि फक्त सावलीच्या कडा बघायच्या ठरवल्या. महोगनीच्या रानाची कड वरून खाली पट्ट्या-पट्ट्यांनी, एकेका पट्टीवर पाच मिनिटं. हरीण शोधायचंच नाही. कानाचा तुकडा, शिंगाचं टोक, पाठीची आडवी रेघ शोधायची. उभ्या झाडांत आडवी रेघ दिसली की थांबायचं.

दोन तास काही नाही. मित्र चहा करत होता.

आठ-सव्वाआठपासून सूर्य कुरतडला जाऊ लागला. कंकण उत्तर आणि पूर्वेकडे एल्को, ईली भागातून दिसणार होतं, आमच्याकडे खंडग्रास, पण बराच मोठा. ग्रहणाचे चष्मे आणले होते. (दुर्बीण सूर्याकडे चुकूनही फिरवायची नाही, हे मी मित्राला इतक्यांदा सांगितलं की तो चिडला.) नऊ वाजता उजेड विचित्र झाला, संध्याकाळचा नाही, ढगाळही नाही, पितळी भांडं धुऊन ठेवल्यासारखा. अंगावर काटा आला, थंडीने. वर चढायला लागलेला वारा पडला. आणि शेजारच्या महोगनीच्या पानांतून येणारा उजेड मित्राच्या टोपीवर, स्टोव्हच्या झाकणावर, माझ्या वहीवर पडला होता त्यात शेकडो चंद्रकोरी होत्या. वहीच्या पानावर पेनने त्यातली एक गिरवली. ती अजून आहे.

सव्वानऊला मित्र कुजबुजला, "ते काय आहे बे?" त्याच्या बोटाच्या रेषेत, आठवडाभर मी जिथे बघत होतो तिथून चाळीस यार्ड खाली, एक नर उभा राहिला. एकीकडे तीन, एकीकडे दोन. आळस दिला, दोन पावलं चालला, एक फांदी तोडली आणि पुन्हा बसला, तोंड उताराकडे. ग्रहणामुळे उठला म्हणायला छान वाटतं. पण ऊन सरकलं की हे जागा बदलतातच, सकाळी त्या सुमाराला तर नेहमी.

अंतर ६४० यार्ड, मधे घळ. मारण्याचा प्रश्न नव्हता. वळसा घालायचा तर वारा पडलेला, मग कुठूनही येणारा, आणि तो पाठ रानाला लावून बसलेला. उठलोच नाही. तो जिथे बसला त्याच्या वरचा वाकडा सुळका आणि खालचं जळकं झाड टिपून घेतलं. संध्याकाळी पलीकडे गेलो. तो बाहेर आला तेव्हा अंतर दिसण्यापुरतं होतं, उजेड मारण्यापुरता नव्हता.

मित्राची समजूत, मी अमावस्या पाळली. मी तसंच राहू दिलं. आईलाही तेच कळवलं.

१५ ऑक्टोबर, रविवार

पहाटेचा वारा अजून उताराचा असतो, थंड हवा घळीतून खाली वाहते. त्यामुळे खालून गेलो, काळोखात, तासभर. सुटे दगड हाताने बाजूला करत. जळक्या झाडापासून पन्नास यार्डांवर बसलो, ट्रायपॉड लावला, सॅक गुडघ्यावर.

७.२५. तो वरून चरत उतरला. आडवा झाला तेव्हा मापकावर १९० यार्ड. दोन श्वास सोडले, तिसऱ्यावर मारली. तो साठेक यार्ड पळाला आणि महोगनीत दिसेनासा झाला. वीस मिनिटं हललो नाही. ही वीस मिनिटं घड्याळ लावून बसायची. लगेच मागे धावलं तर जखमी जनावर उठून मैलभर जातं. मग रक्ताच्या मागावर गेलो. पडलेला होता, डोळे उघडे, त्यावर धूळ.

जवळून तो लांबून वाटला त्याहून लहान होता. कानांची आतली लव पांढरी, शेपटीचं टोक काळं, पुढच्या दातांत महोगनीचा हिरवा चोथा. थोडा वेळ नुसता बसलो. हात थरथरत होते, टॅगवर खूण करायला मित्राने बोर्डासारखी वही धरली. हलवण्याआधी टॅग भरायचा असतो.

पोट न फाडता काढायची पद्धत वापरली: एका कुशीचं कातडं सोलायचं, पुढचा पाय, मागचा पाय, पाठीची पट्टी, मानेचं मांस, मग उलटवून दुसरी कुशी. जाणकाराला तास-दीड तास लागतो. आम्हाला साडेतीन. उताराला कलेवर घसरत होतं, आधी दोरीने झाडाला बांधायला हवं होतं, अर्ध्यात सुचलं. सुरीला दोनदा धार लावली.

आता खरी चूक. सॅक रक्ताने भरू नये म्हणून मी सुती पिशव्यांतलं मांस वरून कचऱ्याच्या प्लास्टिक पिशव्यांत घातलं. बाहेर हवा गार, पण मांस अजून कोमट, आणि प्लास्टिकमध्ये वाफ कोंडली. गाडीपर्यंत साडेपाच किलोमीटर, दोघांच्या दोन खेपा, शेवटची संध्याकाळी सात वाजता. पहिल्या खेपेचं प्लास्टिक दुपारी उघडलं तर आत घाम सुटलेला आणि एका मांडीला आंबूस वास. हाडाजवळचं दोनेक किलो टाकावं लागलं. खाण्याजोगं मांस मागे टाकणं इथे गुन्हा आहे. मी ते डोंगरावरून उतरवून गाडीशी नासवलं. मांस गार, कोरडं आणि हवेशीर, एवढंच लक्षात ठेवा. सॅक धुता येते.

बाकीचं रात्रभर झाडाला टांगलं. पहाटे पाण्याच्या बाटलीत बर्फ होतं, मांस छान गार आणि वरून सुकलेलं.

१६ ऑक्टोबर

घरी निघताना बायकोचा निरोप: "काल घट बसवलेत. ते घरात आणायचं नाही."

हे माझ्या कॅलेंडरात नव्हतं. नवरात्र घटस्थापनेला सुरू होतं हे पन्नाशीला टेकलेल्या कोल्हापूरकराने विसरावं, याला बायको अजून हसते. शेवटी बाबांच्या गॅरेजमधला जुना फ्रिज मोकळा केला, २ अंशांवर लावला, जाळीवर कापडात गुंडाळून मांस ठेवलं. बाबांना नवरात्र समजावलं. ते म्हणाले, "देवी बरोबर सांगतेय. दहा दिवस हात लावू नकोस."

२५ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज बाबांच्या गॅरेजात कापायला बसलो. वरचा सुकलेला थर तासून काढला. आत गडद, मऊ, वास स्वच्छ. दहा दिवसांच्या मुरण्याने जो फरक पडला तो मी स्वतःहून कधी पडू दिला नसता, आल्याच दिवशी कापून फ्रीझरमध्ये कोंबलं असतं. हाडाशिवाय २६ किलो. चरबी जेवढी दिसेल तेवढी काढली, ती जिभेला चिकटते आणि उग्र लागते.

पहिला प्रयोग: कांदा-लसूण मसाल्यात, बकऱ्याच्या मटणासारखं कुकरला पाच शिट्ट्या. चिवट आणि कोरडं. या मांसात चरबीच नाही. पाठीच्या पट्टीचे पातळ काप तापल्या तव्यावर दोन-दोन मिनिटं, वरून मसाला, हे जमलं. मांडी मंद आचेवर अडीच तास, खोबऱ्याच्या वाटणात. मुलगी म्हणाली, मटणच आहे की. यापेक्षा मोठी पावती आमच्या घरात नाही.

हिशोब. टायर ९४०, रायफल ५२०, तिची दुर्बीण ३००, हातातली दुर्बीण ३८०, ट्रायपॉड १४०, गोळ्या २१०, पेट्रोल सगळ्या फेऱ्यांचं ५६० च्या आसपास, कागदपत्रं ८१. बेरीज ३,१३१ डॉलर, म्हणजे किलोला १२० डॉलर. बायकोने ही बेरीज फ्रिजवर लावली आहे. दिवस: टेहळणीचे सहा, शिकारीचे सात. त्या सहांतला एकही सप्टेंबरात नव्हता.

पुन्हा करायचं तर कॅमेरा घेणारच नाही. टेहळणीची मोठी फेरी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, महोगनीच्या कडांवर, निदान तीन पहाटा. जुलैत जायचं ते रस्ते आणि पाणी बघायला.

९ जानेवारी २०२४

मोसमानंतरची प्रश्नावली भरली. ३१ जानेवारीच्या आत भरावीच लागते, शिकार झाली असो वा नसो. पाच मिनिटं लागली. टॅग लागल्यामुळे माझे पॉइंट शून्यावर आलेत, पुन्हा पहिल्यापासून.

सामान आवरताना कळलं, नारिंगी मुठीची सुरी नाही. दुसऱ्यांदा धार लावली आणि कलेवराच्या वरच्या दगडावर ठेवली, इतपत आठवतं. मित्राला विचारलं तर त्याचं उत्तर आलं, "तुझ्या सॅकमध्ये मी नाही टाकली बे, तूच बघ." जागेची खूण जीपीएसमध्ये आहे. बर्फ वितळलं की रस्ता बघायला जायचंच आहे.